१४० एपिसोड आणि एक लॅपटॉप: पॉडकास्टमधलं बोलणं आपोआप लिहून कसं निघतं

माझी एक मैत्रीण पॉडकास्ट करते, अकोले-जुन्नर भागातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी, घरचं बियाणं राखून ठेवणाऱ्या बायकांशी गप्पा मारते, रेकॉर्डर घेऊन ओट्यावर बसते आणि समोरच्याला बोलू देते. असे १४० एपिसोड झालेत. मध्यंतरी तिचा फोन आला, "अगं, काळभाताच्या रोपासाठी राब कसा भाजायचा ते एका आजींनी इतकं छान सांगितलं होतं, आणि ते कुठल्या एपिसोडमधे आहे तेच सापडत नाहीये, तीन दिवस झाले नुसतं ऐकतेय." (काळभात हा तिकडचा देशी भात, आणि राब म्हणजे त्याचं रोप पेरायच्या आधी शेण-पालापाचोळा रचून जमीन भाजतात ते.)

ऑडिओची अडचण ही अशी आहे. पुस्तक चाळता येतं, वही चाळता येते, बोलणं चाळता येत नाही, ते पहिल्यापासून ऐकावंच लागतं. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यासाठी तर तो एपिसोड नसल्यासारखाच.

आम्ही हिशोब केला. सरासरी ४० मिनिटांचा एपिसोड धरला तर ५,६०० मिनिटं, म्हणजे ९३ तासांच्या वर बोलणं. हाताने उतरवून काढायचं तर सराव असलेल्या माणसालाही एका तासाच्या बोलण्याला चार-पाच तास सहज लागतात, थांबव, मागे घे, परत ऐक, टाइप कर, परत थांबव. म्हणजे चारशे तास, रोज सहा तास बसलं तरी दोन महिन्यांच्या वर, आणि हे फुकटात कोणी करणार नाही, पैसे देऊन करून घ्यायचे तर तिच्याकडे तेवढे नाहीत. म्हणून मग मी म्हटलं की रांगेत लावू सगळे आणि मशीनकडून उतरवून घेऊ. हे नेमकं कसं होतं ते मला बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून नीट लिहितेय, कॉम्प्युटरचं काही येत नसलं तरी कळेल असं.

आधी बॅच म्हणजे काय ते. बॅच म्हणजे घाणा. दिवाळीत चकल्या करताना आपण काय करतो, तेल एकदा तापवतो आणि मग घाण्यावर घाणे काढत जातो, प्रत्येक चकलीसाठी नवीन कढई चढवत नाही. इथे तसंच आहे. आवाजाचा मजकूर करणारं जे मॉडेल असतं ते चांगलं जड असतं, काही जीबीचं, ते मेमरीत चढायलाच वेळ लागतो, त्यामुळे ते एकदा चढवायचं आणि मग एकामागून एक फाइली त्याच्या पुढ्यात टाकत राहायच्या. एकेक फाइल उघडून बटण दाबत बसलं तर दर वेळी तेल परत तापवल्यासारखं होतं, शिवाय आपण तिथेच अडकून पडतो.

आता फाइली येतात कुठून. पॉडकास्टच्या मागे आरएसएस फीड नावाची एक साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात प्रत्येक एपिसोडचं नाव, तारीख, आणि एन्क्लोजर नावाच्या खुणेत त्या ऑडिओची लिंक असते. आपल्या फोनमधलं पॉडकास्टचं अॅप पण हीच फाइल वाचून नवे एपिसोड दाखवतं. त्यामुळे एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे सांगितलेली कामं ओळीने करणारा छोटासा प्रोग्रॅम, ती फीड वाचते, सगळ्या लिंक गोळा करते आणि १४० फाइली एका फोल्डरमधे उतरवून ठेवते. नावं मात्र तेव्हाच नीट द्यावीत, पुढे नंबर, मग तारीख, आणि नंबर तीन आकडी, म्हणजे ००७, ०४२ असा, नाहीतर कॉम्प्युटर ७ च्या आधी ६३ लावतो आणि सगळी रांग विस्कटते. आणि एक, हे स्वतःच्या पॉडकास्टबद्दल चाललंय. दुसऱ्याचे एपिसोड असे उतरवून त्याचा मजकूर छापायचा असेल तर आधी त्यांना विचारा, बोलण्यावरही बोलणाऱ्याचा हक्क असतो.

मग फाइलचं रूप बदलायचं. एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ऑडिओ-व्हिडिओचं जगातलं अर्धं काम तेच करत असेल असं मला वाटतं. सीडीच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं मोजमाप घेतलेलं असतं, गाण्यासाठी ते हवंच, पण बोलणं ओळखायला १६,००० पुरतात, कारण शब्द ओळखण्यापुरता माणसाच्या आवाजातला बहुतेक मामला ८,००० हर्ट्झच्या खालीच असतो आणि मोजमाप त्याच्या दुप्पट घेतलं की भागतं. डावा-उजवा असे दोन चॅनेल असतील तर त्यांचाही एक करायचा. बरीच टूल्स हे रूपांतर आतल्या आत स्वतःच करतात, पण आपण आधी करून ठेवलं तर कुठली फाइल खराब आहे ते इथेच कळतं, आणि ते रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा फार बरं.

आता मुख्य गोष्ट, मशीन ऐकतं कसं. आम्ही वापरलं व्हिस्पर. ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मधे ते सगळ्यांसाठी खुलं केलं, एमआयटी लायसन्सवर, म्हणजे डाउनलोड करा आणि आपल्या मशीनवर चालवा, इंटरनेटही लागत नाही. इंटरनेटवर मिळालेल्या ६,८०,००० तासांच्या आवाजावर आणि त्याच्या मजकुरावर ते शिकवलेलं होतं.

ते आवाजाचे ३० सेकंदांचे तुकडे करतं. एकेका तुकड्याचं चित्र बनवतं, खरोखरच चित्र, आडवा वेळ आणि उभा स्वर, सेकंदाच्या शंभराव्या भागाला एक उभी रेघ, म्हणजे ३० सेकंदांना ३,००० रेघा, आणि प्रत्येक रेघेत खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत ८० कप्पे, कुठल्या कप्प्यात किती जोर आहे तेवढं भरलेलं. नंतर आलेल्या लार्ज व्ही३ या मोठ्या आवृत्तीत कप्पे १२८ केले. हे कप्पे सारख्या मापाचे नसतात, खाली बारीक आणि वर मोठे, कारण आपला कानच तसा आहे, खालच्या पट्टीतला थोडासा फरक पण पटकन पकडतो आणि खूप वरच्या पट्टीत तेवढाच फरक त्याला जाणवत नाही.

मग मॉडेलचा पहिला अर्धा भाग ते चित्र वाचतो आणि दुसरा अर्धा भाग लिहायला बसतो, एका वेळी एक बारका तुकडा, शब्दाचा किंवा अक्षराचा. प्रत्येक तुकडा लिहिताना तो दोन गोष्टींकडे बघतो, चित्रात काय दिसतंय आणि आतापर्यंत आपण काय लिहिलंय. 'काल रात्री खूप पाऊस' एवढं लिहून झालं आणि पुढचा आवाज धूसर असला तरी 'पडला' येणार हे त्याला जवळजवळ माहीत असतं. आपणही लग्नाच्या मांडवात गोंगाटात असंच ऐकतो की, निम्मं कानाने आणि निम्मं अंदाजाने. हा अंदाज त्याची ताकद आहे आणि त्याची सगळ्यात मोठी खोडही तिथूनच येते, त्याच्याकडे वळतेच.

बोलणारी माणसं थांबतात. आमच्या आजी-आजोबांचं तर फारच, एक वाक्य बोलतात, दूर डोंगराकडे बघतात, मग पुढचं. त्या शांततेत मशीनला चित्रात काहीच दिसत नाही पण लिहायची सवय तर असते, मग ते मनाने लिहितं. कुणीच न बोललेलं वाक्य, चांगलं शुद्ध, व्याकरणात बसणारं. कधी तेच वाक्य आठ-दहा वेळा ओळीने, कधी 'बघितल्याबद्दल धन्यवाद' असलं काहीतरी जे कुणाच्या तरी व्हिडिओच्या शेवटी ऐकून शिकलेलं असतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या अॅलिसन कोनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मधे यावरच अभ्यास मांडला, त्यांच्या तपासणीत साधारण एक टक्का तुकड्यांमधे असा मनचा मजकूर निघाला, आणि ज्यांना आजारामुळे अडखळत, थांबत बोलावं लागतं त्यांच्या बोलण्यात तो जास्त होता. म्हणजे जो हळू बोलतो त्याच्याच तोंडी नको ते घातलं जातं. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते, कारण चुकीचा शब्द वाचताना खटकतो पण मनचं वाक्य वाचताना खटकतच नाही.

यावर उपाय आहे. व्हीएडी म्हणून एक चाळणी असते, ती आधीच सगळा ऑडिओ तपासून जिथे माणूस बोलतोय तेवढाच भाग पुढे पाठवते, शांतता आणि म्युझिक गाळून टाकते. फास्टर-व्हिस्पर नावाचं जे जलद रूप आहे त्यात सिलेरो नावाची अशी चाळणी तयारच येते, फक्त चालू करायची. दुसरं, मागच्या तुकड्यात लिहिलेला मजकूर पुढच्या तुकड्याला आधार म्हणून दिला जातो, ती सेटिंग बंद केली की एका तुकड्यातली चूक पुढे पुढे वाहत जात नाही. या दोन गोष्टींनी आमचा बराच कचरा गेला, सगळा नाही.

मॉडेल कुठलं घ्यायचं? टायनी, बेस, स्मॉल, मीडियम, लार्ज अशा आकारांत व्हिस्पर येतं, टायनीमधे ३.९ कोटी पॅरामीटर, म्हणजे शिकताना जुळवत नेलेले आकडे, आणि लार्जमधे १५५ कोटी. इंग्रजी पॉडकास्टला स्मॉलसुद्धा पुष्कळदा चालून जातं. मराठीला लार्जच, माझं स्पष्ट मत आहे, त्याखाली वेळ घालवू नका. लार्जला साधारण १० जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड लागतं असं म्हणतात, पण फास्टर-व्हिस्परमधे हे आकडे थोडे कमी बारकाईने साठवून ते बरंच कमी जागेत बसतं, आणि व्हिस्पर डॉट सीपीपी म्हणून जॉर्जी गेर्गानोव यांनी लिहिलेलं एक रूप आहे ते साध्या लॅपटॉपवर, मॅकवरही चालतं, वेळ लागतो पण चालतं. २०२४ मधे लार्जचं टर्बो नावाचं रूप आलं, त्यात लिहिणाऱ्या भागाचे ३२ थर कापून ४ केले म्हणून ते खूप पळतं. आम्ही दोन्ही करून पाहिली आणि बोलीभाषेच्या एपिसोडला लार्जवरच राहिलो.

पैसे देऊन क्लाउडवर पण करता येतं. ओपनएआयने मार्च २०२३ मधे ही सेवा मिनिटाला ०.००६ डॉलर दराने सुरू केली, त्या दराने आमची ५,६०० मिनिटं साधारण ३४ डॉलरमधे झाली असती, हे काही फार नाही, फक्त एका फाइलला २५ एमबीची मर्यादा असते आणि १२८ केबीपीएसचा ४० मिनिटांचा एमपी३ ३८ एमबीच्या आसपास जातो, म्हणजे आधी तुकडे करा किंवा दाबून छोटा करा. पण फीडमधल्या एपिसोडांबरोबर मूळ रेकॉर्डिंगही होती आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एपिसोडमधे न घेतलेलं बोलणं होतं, जमिनीचे वाद, घरातली भांडणं, एका बाईंनी सुनेबद्दल सांगितलेलं, ते कुठल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवायचं नाही असं मैत्रिणीने ठरवलं, आणि मला ते पटलं.

आता मराठी. जरा थांबून सांगते कारण दुखतं. त्या ६,८०,००० तासांत इंग्रजी सोडून बाकीच्या ९६ भाषा मिळून साधारण १,१७,००० तास होते, आणि त्यात मराठी बोलणं आणि त्याचा मराठी मजकूर अशी जोडी एक तासभरही नव्हती. मराठी बोलणं आणि इंग्रजी भाषांतर अशा जोड्या मात्र शेकडो तासांच्या होत्या. लार्ज व्ही३ च्या वेळी शिकवणीचा साठा खूपच वाढवला, सुधारणा दिसते, तरी पाया हा असा आहे. आपण कोट्यवधी लोक रोज बोलतो पण बोललेलं जसंच्या तसं लिहून नेटवर ठेवत नाही, मग मशीन शिकणार कशावर.

म्हणून होतं काय, तर भाषा ओळखायला ठेवली तर ते फक्त पहिले ३० सेकंद ऐकून ठरवतं, आणि आमच्या एपिसोडची सुरुवात बासरीने आणि एका हिंदी ओळीने व्हायची, त्यामुळे अख्खा एपिसोड हिंदी समजून उतरवला गेला, 'आहे' चं 'है' झालेलं, मधेच अर्धी वाक्यं मराठी. असे अकरा एपिसोड परत करावे लागले. भाषा मराठी अशी हाताने पक्की करा, ही पहिली सेटिंग. ळ चा ल होतो, ण चा न होतो, ऱ्हस्वदीर्घाचं तर विचारूच नका. अडीच, पावणेदोन, दीडशे हे कधी अक्षरात येतं, कधी आकड्यात, कधी चूक. आणि एक तांत्रिक गोष्ट, देवनागरीतलं एकेक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात आणि मॉडेलच्या शब्दसंग्रहात आपले शब्द अख्खे फारसे नाहीत, त्यामुळे तेवढ्याच बोलण्याला इंग्रजीपेक्षा खूप जास्त तुकडे लिहावे लागतात, म्हणून मराठी एपिसोडला वेळही जास्त लागतो. तुमचं मशीन बिघडलेलं नाही.

आपल्याकडे या दिशेने काम चाललंय हे पण सांगायला हवं. आयआयटी मद्रासमधल्या एआय४भारत या गटाने भारतीय भाषांसाठी बोलणं ओळखणारी मॉडेल्स खुली केली आहेत, त्यात मराठी आहे, केंद्र सरकारची भारतीय भाषांसाठीची भाषिणी योजना २०२२ पासून आहे, मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमधे मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो. एकाच एपिसोडवर दोन-तीन मॉडेल चालवून बघा आणि मगच १४० ची रांग लावा.

तपासायचं कसं? शंभर शब्दांत किती चुकले, किती गाळले, किती जास्तीचे घातले याची बेरीज म्हणजे शब्दचुकीचा दर. तो काढा जरूर, दहा मिनिटांचा तुकडा हाताने उतरवून त्याच्याशी जुळवून बघा. पण त्या दरावर विसंबू नका, त्याच्या लेखी सगळ्या चुका सारख्याच. एका एपिसोडमधे आजोबा म्हणाले होते, "फुलोऱ्यात फवारणी करायची नाही," आणि मशीनने शेवटचा 'नाही' गाळला. एकच शब्द, दर किती, नगण्य. वाचणाऱ्या शेतकऱ्याचं काय होईल? म्हणून आम्ही ठरवलं की जिथे औषध, प्रमाण, महिना, नाही-नको असं काही आहे ती वाक्यं माणसाने ऐकूनच पास करायची. पूर्ण एपिसोड नव्याने उतरवण्यापेक्षा हे तपासणं किती तरी कमी वेळात होतं.

रात्रभर चालवायची रांग कशी बांधायची ते आम्ही ठेच खाऊन शिकलो. पहिल्या रात्री लावून झोपलो, सकाळी बघितलं तर १७ व्या फाइलवर अडकून पडलेलं, डाउनलोड अर्धवट झालेली शून्य केबीची फाइल होती आणि स्क्रिप्ट तिथेच मेली. तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो. एखादी फाइल बिघडली तर तिचं नाव एका वहीत, म्हणजे लॉगमधे, लिहायचं आणि पुढच्या फाइलवर जायचं. सुरू करताना जिचा मजकूर आधीच तयार आहे ती फाइल सोडून द्यायची, म्हणजे लाइट गेली तरी परत पहिल्यापासून नाही. आणि लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, पूर्ण झालं की मगच खरं नाव द्यायचं, नाहीतर अर्धी फाइल पूर्ण समजून सुटून जाते. कढईत एका वेळी किती चकल्या मावतात तसं ग्राफिक्स कार्डवर एकाच वेळी अनेक तुकडे टाकायची पण सोय असते, तिलाही बॅचच म्हणतात, गोंधळ होतो नावाचा, कार्डची मेमरी बघून तो आकडा हळूहळू वाढवा.

शेवटी हातात काय येतं, तर प्रत्येक एपिसोडच्या दोन-तीन फाइली, एक साधा मजकूर, एक एसआरटी ज्यात कुठलं वाक्य कितव्या सेकंदाला ते असतं, तीच यूट्यूबवर सबटायटल म्हणून चढते. कोण बोलतंय ते व्हिस्पर सांगत नाही, त्यासाठी पायअॅनोट सारखं वेगळं टूल जोडावं लागतं, आणि दोघं एकदम बोलायला लागले की तेही चुकतं.

आता तो राब. सगळे १४० तयार झाल्यावर मैत्रिणीने 'राब' असं शोधलं, काही नाही. मशीनने एका ठिकाणी 'राग' लिहिलं होतं आणि दुसरीकडे 'रात'. ज्याने हा शब्द कधी ऐकलाच नाही ते काय लिहिणार. मग तिने 'भाजायचा' शोधलं, 'पालापाचोळा' शोधलं, आणि ६३ व्या एपिसोडमधे सत्ताविसाव्या मिनिटाला आजी सापडल्या, आधी शेण, त्यावर फांद्या, त्यावर पालापाचोळा, वर माती, वारा बघून पेटवायचा, असं सगळं. आता ती शब्दांची यादी करतेय, राब, आवण, काळभात, खाचर, कणगी, गावांची नावं, ही यादी सुरुवातीला मॉडेलला सूचना म्हणून देता येते, साधारणपणे तिचा परिणाम पहिल्या तुकड्यानंतर विरतो पण नव्या आवृत्तीत ती प्रत्येक तुकड्याला देण्याची सोय आहे. यादी दीडशेच्या वर गेलीय आणि सगळी एका वेळी मावत नाही, म्हणून गावागणिक वेगळी यादी करून बत्तीस एपिसोड आज रात्री परत लावलेत.